टोमॅटो, अर्धं

मला जेवायचे पैसे मिळतात.
हेवा करू नका. टेबलाखाली स्टॉपवॉच असतं,
पर्समध्ये घडी घातलेला फॉर्म,
आणि घास गिळता गिळता मोजायचं असतं
कोण किती सेकंदांनी हसलं.

लुब्लिनच्या बड्या हॉटेलांत सगळेच हसतात.
डावा हात पाठीशी दुमडून पाणी ओततात,
"सगळं ठीक ना?" म्हणून विचारतात
नेमका तोंडात बटाटा असताना.
मी मान डोलावते. दहापैकी नऊ.
एक मार्क नेहमीच कापते, सवयीनं,
आई घरखर्चातली एक नोट डब्यात सारायची तसा,
कशासाठी ते न सांगता.

मंगळवारी मात्र मला दूध-बारमध्ये पाठवलं,
स्टेशनमागच्या, जुन्या सरकारी अमदानीतल्या.
दूध नावालाच. मेणकापड घातलेली टेबलं,
पुसून पुसून त्यावरची चेरी पांढरी पडलेली.
भिंतीत एक खिडकी, खिडकीत बोगुमिला,
कोपरापर्यंत वाफेत, केसांवरची जाळी कपाळात रुतलेली.
ती कुणाचं नाव विचारत नाही,
पदार्थांनाच हाका मारते :
"बीट, दोन!" "कोबी!"
"पॅनकेक कुणाचे ते, गार होतायत!"
आणि माणसं उठतात
आपापल्या पदार्थाला ओ देत.

स्वागत : नाही.
स्मित : शून्य.
नजरभेट : शून्य. (मी दोनदा प्रयत्न केला.)
नियमाप्रमाणे विचारलं, "आज काय चांगलं आहे?"
"फळ्यावर आहे ते आहे," ती म्हणाली,
"चांगलं कुठलं ते खाऊन ठरव."
मागे रांगेतला ट्रॉलीबसचा ड्रायव्हर हसला.
दुसऱ्या गिऱ्हाइकाचं हसू धरायचं की नाही
हे फॉर्मवर सांगितलेलं नाही.

"टोमॅटो, अर्धं!"

कोपऱ्यातला एक म्हातारा उठला, ओव्हरकोटासकट.
हात असे थरथरत होते
जणू आतून कुणी सारखं दार वाजवतंय.
वाडग्यात तळाशी सूप, चार भाताची शितं.
लाटा उठल्या खूप, पण काठ फार उंच होता.
टेबलापर्यंत पोचला. प्याला.
"अळणी," असं मिशीतल्या मिशीत म्हणाला.
मी लिहिलं : प्रमाण कमी. गंभीर.

पेनाला टोपण लावतेय तोच
"टोमॅटो, राहिलेलं!"
तो पुन्हा उठला, रिकामं वाडगं देऊन
अर्धं भरलेलं घेतलं. वाफ नव्यानं निघत होती.
कुणी मान वर केली नाही.
ड्रायव्हरनं तेवढी पसरलेली तंगडी आत ओढली
खाता खाताच, वाट झाली,
म्हातारा गेल्यावर परत पसरली.

पैसे एकाच सुपाचे.
अशा गोष्टीसाठी रकाना आहे, शेवटून दुसरा :
नियमबाह्य वाढप.
भरला तर वरचे विचारतील, दुसऱ्या खेपेची पावती कुठाय?
मग एखादा गुळगुळीत दाढीचा पोरगा येईल,
गोड बोलून तिला शिकवेल
वाडगं किती मिलिलिटरचं असतं ते.
कोरा ठेवला तर बाईला दहापैकी एक.
पेन हवेतच राहिलं.

"टोमॅटो, पूर्ण!"

ते माझं होतं.
काठोकाठ. अंगठा बुडेल इतकं.
खिडकीपासून टेबल नऊ पावलं,
मी श्वास धरून चालले, थेंब सांडला नाही.
टेकल्यावर ध्यानात आलं :
ऑर्डर घेताना ती खाली बघत होती ना,
ते माझ्या हातांकडे.

सुपात मीठ खरंच कमी होतं.
तेवढं मी लिहिलं.